हळू म्हणजे सावकाश की बारीक?

जुलै लागला की या सदराच्या पत्रांचा रंगच बदलतो. उन्हाळ्यात आईबाबांची पत्रं असतात, ‘मुलगा नाटकात जायचं म्हणतोय, काय करावं’ टाइप, आणि पाऊस सुरू झाला की कॉलेजच्या पोरापोरींची, कारण पुण्यात पुरुषोत्तम, मुंबईत आयएनटी आणि गावोगावी आणखी कुठले कुठले करंडक, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धा, तोंडावर आलेले असतात. पुरुषोत्तम तर १९६३ पासून चालू आहे, म्हणजे आता आजोबा, बाप आणि नातू तिघांनी एकाच स्पर्धेत ‘आव्वाज कुणाचा’ ओरडलंय अशीही घरं सापडतील. यंदाच्या बऱ्याच पत्रांत तक्रार एकच, तालमीत जे शब्द कानावर पडतात त्यांचा नेमका अर्थ कळत नाही आणि विचारायला लाज वाटते. म्हणून आज बहुतेक शब्दांचीच पत्रं घेतलीयत. नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय, म्हणून फक्त गावं ठेवलीत.

सांगलीहून, एफवायबीए: ताई, एकांकिकेत मला आजीचा रोल आहे. दिग्दर्शक दादा सारखा म्हणतो हळू बोल, हळू बोल. मी हळू बोलले की मागनं दुसरा ओरडतो, ऐकायला येईना! नेमकं करू काय? परवा तर रडायलाच आलं.

अगं, चूक ना तुझी ना त्याची, घोळ आपल्या भाषेतच आहे. हळू चाल म्हणजे सावकाश चाल, पण हळू बोल बाळ झोपलंय, म्हणजे आवाज कमी कर. एकच शब्द, दोन कामं. जोरात हा त्याचाच भाऊ, जोरात पळ म्हणजे वेगात आणि जोरात बोल म्हणजे मोठ्यानं. त्यामुळे दादाला म्हणायचं असतं सावकाश, तू आवाज कमी करतेस, मग मागचा म्हणतो जोरात, की तू मोठ्यानं आणि शिवाय भरभर बोलायला लागतेस, आणि दादा परत म्हणतो हळू! हा खेळ मी वीसेक वर्षं तालमींत बघतेय. बरं ‘बारीक आवाजात’ म्हणावं तर तोही शब्द फसवा, कारण बारीक आवाज म्हणजे कमी आवाज पण असतो आणि पातळ, किनरा आवाज पण.

तर आजपासून तुमच्या ग्रुपमध्ये चार शब्द ठरवून टाका. लय, म्हणजे वेग, सावकाश की भरभर. पातळी, म्हणजे व्हॉल्यूम, रिमोटवर असतो तोच. पट्टी, म्हणजे पेटीवरची पट्टी, पांढरी एक, काळी चार वगैरे, आवाज किती उंच आणि किती खाली. आणि पोत, म्हणजे तोच आवाज कोरडा, घोगरा, मऊ, गोळीबंद कसा लागतोय ते. चौघं वेगवेगळे आहेत आणि एकाला हात लावताना बाकीचे तीन जागेवर ठेवता येतात, फक्त सवय नसते म्हणून सगळे एकदम हलतात. सगळ्यात जास्त गोंधळ पातळी आणि पट्टीचा होतो. ‘आवाज चढवू नकोस’ आपण रागात बोलणाऱ्याला म्हणतो तेव्हा त्याचं दोन्ही चढलेलं असतं, आणि स्टेजवर पण तेच होतं, मोठ्यानं बोल म्हटलं की पोरं पट्टी वर नेतात आणि दहा मिनिटांत घसा आवळून किंचाळायला लागतात. साध्या बोलण्यात पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा थरथरतात, बाईचे २०० च्या आसपास, हा झाला पट्टीचा हिशोब. पातळी वाढते ती मुख्यतः खालून येणाऱ्या हवेच्या दाबामुळे. म्हणजे मोठ्यानं बोलायला पट्टी चढवायची गरज नाही, श्वास लागतो.

घरी हे करून बघ. ‘दार उघडंच राहिलं वाटतं’ हे वाक्य घे आणि दहा वेळा म्हण, दर वेळी चारातली एकच गोष्ट बदलायची. मोबाइलवर रेकॉर्ड कर. सावकाश म्हणताना आवाज पडला का? मोठ्यानं म्हणताना वर गेलीस का? दोन दिवसांत स्वतःच्या कानाला कळायला लागेल.

आता तुझी आजी. सगळ्या पोरी म्हातारी करताना आवाज किनरा आणि थरथरता करतात, ते फार जुनं झालं आणि शेवटच्या रांगेत तर नुसतं कुंई कुंई पोचतं. त्यापेक्षा श्वास म्हातारा कर. म्हाताऱ्या माणसाला एका दमात लांब वाक्य निघत नाही, ते मध्येच तुटतं आणि कुठल्याही जागी तुटतं. ‘अगं मी त्याला… तेव्हाच सांगितलं होतं… की बाबा…’ असं. लय सावकाश आणि पातळी पूर्ण, हे दोन्ही एकदम जमेल त्यात.

आणि अजून एक, हे फक्त तुला नाही, सगळ्यांना. आपल्याकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि ‘नाही’ तर त्याच्याही शेवटी. वाक्य संपत आलं की नवशिक्यांचा श्वास संपतो आणि शेवट पडतो. ‘मी काल स्टेशनवर त्याला पैसे…’ आणि पुढचं खाल्लं. दिले? मागितले? दिले नाहीत? सगळं नाटकच त्या एका शब्दावर असतं आणि तोच प्रेक्षकाला मिळत नाही. एका मैत्रिणीला शेवटच्या रांगेत बसव, आणि तुझा शेवटचा शब्द पोचला नाही की तिनं फक्त हात वर करायचा. बाकी काही बोलायचं नाही, सूचना द्यायला लागली की भांडणं होतात.

नागपूर, बीएस्सी: पोटातून आवाज काढ म्हणतात, पोटातून आवाज कसा काय निघेल? पोटातून तर गुरगुर निघते.

हा हा, शंका अगदी बरोबर आहे. आवाज निघतो गळ्यातल्या स्वरयंत्रात, पोटात काही वाजत नाही. पण फुप्फुसांच्या खाली छाती आणि पोट यांच्यामध्ये एक घुमटासारखा स्नायू असतो, श्वासपटल, सगळे डायफ्रामच म्हणतात. श्वास घेताना तो खाली दबतो, त्यामुळे पोट पुढे येतं. खांदे वर उचलून घेतलेला श्वास उथळ असतो आणि मान ताठ होते. तर ‘पोटातून’ म्हणजे इतकंच, की श्वास घेताना पोट मोकळं सोड आणि बोलताना हवा एकदम न सांडता हळूहळू, म्हणजे सावकाश बरं का, सोड. जमिनीवर उताणा झोप, पोटावर एक जाडसं पुस्तक ठेव, श्वास घेतल्यावर वर आलं पाहिजे. मग ‘स्स्स’ करत श्वास सोड आणि घड्याळ लाव. पहिल्या दिवशी किती सेकंद येतात ते लिहून ठेव. आकड्याच्या मागे लागून तोंड लाल करून घेऊ नकोस, मुद्दा ‘स्स’ सारखा निघण्याचा आहे, शेवटी फुसका व्हायला नको.

नाशिक, इंजिनिअरिंग: स्टेजवर राइट-लेफ्ट नेमकं कुणाचं? दर वेळी मी चुकीच्या बाजूला जातो. मूव्हमेंट, क्रॉस, मास्किंग, लाइट घे, हे सगळं पण सांगा ना एकदा.

राइट-लेफ्ट नटाचं, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिलास की तुझा उजवा हात तो राइट. समोर बसलेल्या दिग्दर्शकाला ते उलटं दिसतं आणि बोलण्याच्या नादात तोच चुकतो, मग शिव्या तुला. मी पहिल्या स्पर्धेत चुकीच्या विंगेतून, म्हणजे स्टेजच्या चुकीच्या बाजूच्या आडोशातून, एन्ट्री घेतली होती आणि जिच्याशी भांडायचं ती बाई दुसऱ्या टोकाला दाराकडे बघत उभी, मी तिच्या पाठीमागून. प्रेक्षकांना वाटलं काहीतरी प्रायोगिक आहे. परीक्षकांना वाटलं नाही.

पुढे म्हणजे प्रेक्षकांच्या जवळ ते डाऊन स्टेज, मागे ते अप स्टेज. मागे जाणं म्हणजे ‘अप’ का, तर युरोपातले जुने रंगमंच मागच्या बाजूला खरंच चढावाचे असायचे, मागे जायचं म्हणजे वर चढायचं. आपले रंगमंच सपाट आहेत, शब्द तेवढा राहिला. त्यातूनच ‘अपस्टेज करणं’ आलं: तू मागे सरकून उभा राहिलास की समोरच्याला तुझ्याशी बोलायला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते, म्हणजे सगळा सीन तुझा. ही लबाडी मोठमोठे नट करतात म्हणे, तू करू नकोस, निदान पहिल्या वर्षी तरी. मनात स्टेजचे नऊ चौकोन पाड, तीन पुढे, तीन मध्ये, तीन मागे, आणि संहितेच्या समासात पेन्सिलनं लिही, कुठल्या वाक्याला कुठल्या चौकोनात. पेन्सिलनंच, कारण दिग्दर्शक बदलणार.

मूव्हमेंट म्हणजे जागा बदलणं, बिझनेस म्हणजे जागेवर हातानं चाललेलं काम, चहा गाळणं, चष्मा पुसणं, भाजी निवडणं. क्रॉस म्हणजे दुसऱ्या पात्राला ओलांडून पलीकडे जाणं. मास्क होणं म्हणजे दुसऱ्याच्या आड जाऊन प्रेक्षकांना न दिसणं. नियम सोपा आहे, तुला प्रेक्षक दिसत नसतील तर प्रेक्षकांना तू दिसत नाहीस, मग अर्धं पाऊल सरक. ‘ओपन राहा’ म्हणजे समोरच्याशी बोलताना पूर्ण त्याच्याकडे न वळता थोडं अंग प्रेक्षकांकडे उघडं ठेव. आणि लाइट घे म्हणजे उजेड जिथे सगळ्यात प्रखर आहे तिथे तोंड आण. हॅलोजनच्या दिव्यांत ते गालाला गरम लागायचं, चेहऱ्यालाच कळायचं. आता एलईडी आले, ते तसे तापत नाहीत, त्यामुळे डोळ्यात जिथे सगळ्यात जास्त चमकतं ती जागा टेक्निकलच्या, म्हणजे दिवे लावून होणाऱ्या तालमीच्या, वेळी हेरून ठेव आणि जमिनीवर चिकटपट्टी लाव.

जाता जाता, आपण सेटला नेपथ्य म्हणतो ना, संस्कृत नाटकात ‘नेपथ्ये’ असं कंसात आलं तर त्याचा अर्थ पडद्याआडून, म्हणजे नट जिथे नटतात तिथून. तिथून आवाज यायचा, आपण तिथलं फर्निचर करून टाकलं.

परभणी, बीए तिसरं वर्ष: मी बोलायलो तर सगळे हसायलेत. कॉलेजात शहरातले पोरं जास्त आहेत. शुद्ध उच्चार कसे करावेत? की मला नाटकच सोडावं लागंल?

सोडू बिडू नकोस काही. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात, बोली आणि उच्चार. बोलायलो, करायलोय ही तुझी बोली, ती अशुद्ध नाही, आणि उद्या परभणीचा माणूस उभा करायचा झाला तर त्या हसणाऱ्यांना ती शिकायला तुझ्याच मागे फिरावं लागेल. मालवणीतलं ‘वस्त्रहरण’ हजारो प्रयोग चाललं, ते काय मालवणी सोडून चाललं? पात्र कुठलं आहे ते बघायचं. पात्र पुण्यातलं वकील असेल तर त्याची बोली शिकावी लागेल, जशी त्याची चाल शिकशील, तशीच. त्यानं तुझी स्वतःची बोली जात नाही.

उच्चार मात्र कुठल्याही बोलीत स्वच्छ हवा. शुद्ध नाही म्हणत मी, स्वच्छ. प्रमाण मराठी बोलणारं पात्र असेल तर तीन जागा तपासून घे. एक, च आणि ज यांची दोन-दोन रूपं. आकडा ‘चार’ आणि गुरांचा ‘चारा’, लिहायला तोच च, पण पहिल्यात जीभ वर टाळूला लागते आणि दुसऱ्यात दातांमागे. ‘माझा’ म्हणताना झ दातांकडे, ‘माझी’, ‘माझे’ म्हणताना टाळूकडे. जरा थांब मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ मोठ्यानं म्हणून बघ, आपोआप कळेल. हे शाळेत कुणी शिकवत नाही, कानावरच येतं, म्हणून दुसऱ्या बोलीतून आलेल्याला कुणीतरी सांगावं लागतं, त्यात लाज कसली. दोन, न आणि ण, पानी की पाणी. तीन, ळ: वेळ आणि वेल, गोळा आणि गोला. ळ साठी आपली जुनी ओळ आहेच, ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’. पण ती भरभर म्हणायची शर्यत लावू नकोस. आधी इतकी सावकाश म्हण की प्रत्येक ळ ला जीभ मागे वळलेली जाणवेल, वेग आठवड्यानं वाढव. तोंडात पेन्सिल धरून बोलायचा व्यायाम पण सांगतात काही जण, मला तो फारसा पटत नाही, जबडा आखडतो त्यानं.

आणि हसणाऱ्यांचं म्हणशील तर पहिला प्रयोग होऊ दे.

ठाण्याहून एका आईचं पत्र: मुलगी १६ वर्षांची आहे, महिनाभर रोज चार-चार तास तालीम. आवाज पार बसलाय. सर म्हणतात घसा एकदा फुटला की आवाज कमावला जातो. मी ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध सगळं केलं. काळजी वाटते.

वाटायलाच हवी. घसा फुटला की आवाज कमावला जातो हे मीही ऐकलंय माझ्या वेळी आणि ते साफ चूक आहे. आवाज कमावणं ही खरी गोष्ट आहे, गाणारे पहाटे खर्जाचा रियाज करतात, पण तो शांत, खालच्या पट्टीत आणि महिनोन्‌महिने चालतो, किंचाळून नाही. ताणून ओरडलं की स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात, आणि हे रोज होत राहिलं तर त्यांच्यावर गाठी येऊ शकतात, हाताला घट्टे पडतात तसंच काहीसं. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं, तुमचा तर महिना झालाय, तर हे वाचून झाल्यावर आधी अपॉइंटमेंट घ्या. स्पर्धा संपल्यावर बघू असं करू नका.

ज्येष्ठमध आणि खडीसाखरेबद्दल एक सांगते, राग मानू नका. आपण जे गिळतो ते अन्ननलिकेत जातं, स्वरतंतू असतात श्वासनलिकेच्या तोंडाशी, त्यामुळे गिळलेली कुठलीच गोष्ट त्यांना थेट लागत नाही, आणि लागली तर ठसका बसेल. चघळल्यानं लाळ सुटते, घशाला बरं वाटतं, तेवढा उपयोग आहे, द्या खुशाल. पण तंतूंपर्यंत पोचते ती वाफ, आणि दिवसभर थोडं थोडं प्यायलेलं पाणी रक्तातून उशिरा का होईना पोचतं, म्हणून पाणी तालमीच्या दोन तास आधीपासून, एन्ट्रीच्या आधी गटागट बाटली संपवून काही होत नाही. तिला सारखं खाकरू देऊ नका, खाकरण्यानं तंतू परत आपटतात, त्याऐवजी एक घोट पाणी. आणि आवाज बसल्यावर मुलं कुजबुजत बोलतात ना, बऱ्याच जणांत त्यानं पण ताण पडतो, एक तर गप्प बसावं नाहीतर साध्या आवाजात मोजकं बोलावं.

सरांना सांगा, पहिली दहा मिनिटं वॉर्मअपला द्या. लहान मुलं गाडी-गाडी खेळताना ओठांनी भुर्रर्र करतात, तेच सगळ्यांनी वर-खाली पट्टीत करायचं, मग तोंड मिटून हंऽऽ, मग सरबताच्या स्ट्रॉमधून ऊऽऽ. हसतील पोरं पहिल्यांदा. आणि तालमीत सगळे सीन फुल आवाजात करायची काही गरज नसते, ब्लॉकिंग, म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं ते, बसवताना कशाला हव्यात आरोळ्या.

कोल्हापूर, नाट्यशास्त्र डिप्लोमा: परवा पेपर आहे. वाचिक, आहार्य, काकू… सगळं डोक्यावरून जातंय. सोपं करून सांगा.

परवा पेपर आणि पत्र मासिकाला, धन्य आहे! छापून येईपर्यंत निकाल लागला असेल, पण पुढच्या बॅचला उपयोग होईल म्हणून लिहिते.

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा. आंगिक शरीराचा, वाचिक वाणीचा, आहार्य म्हणजे बाहेरून आणून लावलेला, वेश, रंग, दागिने (आहाराशी काही संबंध नाही, दर वर्षी कोणीतरी पेपरात जेवण लिहितंच), आणि सात्त्विक म्हणजे मनातून अंगावर उमटणारा. सात्त्विक भाव आठ: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. साध्या मराठीत, थिजणं, घाम, काटा, आवाज फुटणं, कापणं, तोंड पांढरं पडणं, रडू, शुद्ध हरपणं. असं मराठी करून पाठ केलंस की विसरत नाही.

काकू म्हणजे शेजारच्या नव्हेत, बोलण्यातला हेल. दोन प्रकारची, साकांक्ष आणि निराकांक्ष. ‘मी सांगितलं होतं त्याला’ हे वाक्य पुरतं संपवून म्हण, विषय संपला, ही निराकांक्ष. आता तेच शेवट लोंबकळत ठेवून म्हण, जणू पुढे ‘पण ऐकेल तर ना’ असायला हवं, ही साकांक्ष. दोन हजार वर्षांपूर्वीचं वगैरे म्हणून घाबरू नकोस, तुझी आई दिवसातून पन्नास वेळा साकांक्ष काकू वापरते, ‘बघ बाई तुला जायचंच असेल तर…’. आवाजाची स्थानं तीन: उर, कंठ, शिर. जवळच्याशी कंठातून, लांबच्याला हाक शिरातून… थांब, हे लिहिताना माझाच गोंधळ नको. लांबच्याला शिर, फार लांब नसलेल्याला कंठ, अगदी शेजारच्याला उर. आता बरोबर. स्वगत स्वतःशी, जनान्तिक म्हणजे बाकीचे स्टेजवर असताना दोघांनी त्यांना ऐकू न जाता बोलायचं, त्यासाठी त्रिपताक हात आडवा धरतात, अनामिका दुमडलेली आणि बाकीची बोटं सरळ. आपल्या आज्या तोंडाआड पदर धरून कुजबुजायच्या, कल्पना तीच.

रत्नागिरी: पॉज किती सेकंदांचा असावा?

सेकंद मोजलेस तर प्रेक्षकांना तुझं मोजणंच दिसणार. पॉजमध्ये काहीतरी चाललेलं असावं लागतं, पात्र ठरवतंय, आठवतंय, गिळतंय, ते संपलं की पॉज संपला. काही चालू नसेल तर तो पॉज नाही, वाक्य विसरलेला नट आहे. हशा आला तर मात्र वेगळं, हशा वर चढत असताना बोलायचं नाही, तो ओसरायला लागला की पूर्ण विरायच्या आत पुढचं वाक्य सुरू. हे तालमीत शिकता येत नाही, प्रयोगातच कळतं.

डॅलसहून, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतलं नाटक: मुलांना कॉलर माइक लावणार आहोत, मग आवाजाची मेहनत घ्यायची काही गरज आहे का? मुलं संवाद रोमन लिपीत लिहून पाठ करतात.

माइक पातळी वाढवतो, बाकी तीन गोष्टी, लय, पट्टी आणि पोत, मुलांनाच कराव्या लागतात. पडलेला शेवटचा शब्द माइक मोठ्यानं पडलेलाच ऐकवतो. मिठी मारायचा सीन असेल तर माइकवर खरखर येणार, एकदा करून बघा आधी. रोमनचं म्हणाल तर खरी अडचण तीच आहे, काल, काळ आणि कळ तिन्ही एकसारखे लिहिले जातात. देवनागरी येत नसेल तर तुम्ही संवाद बोलून रेकॉर्ड करा आणि गाडीत ऐकवा, कागद काढून घ्या.

फोंडा, गोवा: प्रयोगात ब्लँक झालो. प्रॉम्प्टर विंगेतून वाक्य सांगत होता ते पहिल्या दोन रांगांनी ऐकलं, मलाच ऐकू आलं नाही. आता स्टेजची भीती बसलीय.

अरे बाबा, मला नाही ऐकू आलं पण प्रेक्षकांना आलं, हे प्रत्येक नटानं एकदा तरी म्हटलेलं आहे. घाबरल्यावर कान बंद होतात, आणि प्रॉम्प्टर घाबरला की अख्खं वाक्य सांगत बसतो. त्यानं फक्त पहिला शब्द सांगायचा, फार तर दोन, आणि कुजबुजत नाही, कुजबुज समोर जाते नि बाजूला विरते, खालच्या पट्टीत साध्या आवाजात. कुठे पॉज आहे आणि कुठे तू खरंच विसरलायस हे त्याला कळायला तो पहिल्या वाचनापासून तालमीत बसलेला हवा, प्रयोगाच्या दिवशी कुणाच्या तरी चुलत भावाला उभं केलं की हेच होणार.

तुझ्या बाजूनं, नुसती वाक्यं पाठ करू नकोस, क्यू पाठ कर. क्यू म्हणजे समोरच्याचे ते शेवटचे शब्द ज्यांवर तुझं वाक्य सुरू होतं. बहुतेक जण स्वतःची वाक्यं माळेसारखी एकामागून एक म्हणतात, मग समोरच्यानं अॅडिशन घेतली, म्हणजे पदरचं जादा वाक्य टाकलं, किंवा एक वाक्य खाल्लं की माळ तुटली. ब्लँक झालास तर श्वास सोड, घे म्हणत नाही, सोड, कारण तू तो धरून ठेवलेला असतोस, आणि हातात जो बिझनेस असेल तो करत राहा, कप उचल, पेपर दुमड. समोरच्या नटाशी आधीच ठरवून ठेव, मी अडकलो तर तू मला प्रश्न विचार, ‘बोलत का नाहीस?’ कुठल्याही नाटकात चालतं हे वाक्य.

आणि त्या प्रॉम्प्टरवर रागावला असशील तर सोड, त्याला एक चहा पाज. अंधारात टॉर्च तोंडात धरून पूर्ण नाटक ओणवा उभा असतो बिचारा आणि कौतुकाच्या यादीत त्याचं नाव कधी येत नाही.